जाळ्याचं मागचं टोक

दिवाळीचे दिवे विझून आठ-दहा दिवस झाले, की भंडाऱ्याच्या हवेला वेगळाच वास सुटतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांध्यांत उभा असतो, आणि मधल्या त्या मोकळ्या दिवसांत नव्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, गोडसर, थोडा धुळकट वास सकाळच्या धुक्यातून पार शहरातल्या गल्लीपर्यंत येतो. बसस्टँडसमोर हातगाड्यांवर शिंगाडे उकडत असतात, काळ्या सालीचे, वाफाळते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कशात काय मिसळलंय ते वेगळं काढून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण या वासाची फोड मी आजवर केली नाही आणि करणारही नाही. तो आला, की मी स्कूटर जरा हळू चालवते, एवढंच.

हा मंडईचा मोसम. मंडई म्हटली, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भाज्यांचे ढीग येतात आणि दरवेळी त्याला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं दिवाळीनंतर एकेका गावाचा एकेक दिवस ठरतो. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, सोयरेधायरे येतात. पाळणे लागतात, जिलेब्यांचे घाणे निघतात, दुपारी दंडार नाचते आणि रात्री नाटकाचा पडदा उघडतो. एका गावाची मंडई आटोपली, की पाहुणे पुढच्या गावाला. ज्याचे चार गावांत सोयरे आहेत, त्याच्या घरी महिनाभर चूल पेटली नाही तरी चालतं. अशा या मंडयांमध्ये, दंडार आणि नाटक यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, एके काळी आमचा रॉक बँड वाजायचा. हसू आलं असेल तर हसून घ्या. आम्हालाही यायचं.

यंदा शिंगाड्यांच्या वासापाठोपाठ सुबोधचा फोन आला. सुबोध आमचा गिटारवाला. हल्ली नागपुरात बँकेत साहेब आहे, पण फोनवर पहिल्याच वाक्याला त्याचं वय गळून पडतं.

"वैजू, करडीच्या मंडईत बोलावलं आपल्याले! दंडार झाली की लगेच. भोंगा वाजला पाहिजे म्हणतात."

"आणि ड्रमवर मंगल?"

"तो नाही म्हणून राहिला. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून घसरला, तेव्हापासून खांदा आखडला त्याचा. तू टेन्शन नको घेऊ. मी ड्रम लॅपटॉपवर बसवले. एक ठोका चुकत नाही, ऐकशील तर पागल होशील."

एक ठोका चुकत नाही, हे वाक्य मला दिवसभर चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. आमच्या बँडमध्ये न चुकणारं माणूस कधी नव्हतंच. आता एकदम एवढा शहाणा गडी यायचा, तर आम्ही त्याच्याशी बोलायचं काय?

भोंगा हे बँडचं नाव. आम्ही जवाहरनगरच्या वसाहतीतली पोरं, सगळ्यांचे वडील कारखान्यात. क्वार्टर्सच्या मागं स्कूटरी ठेवायची एक पत्र्याची शेड होती. दिवसा वडील मंडळी स्कूटरी घेऊन ड्यूटीवर गेली, की शेड रिकामी, म्हणजे आमची. संध्याकाळचा भोंगा वाजला, की गाणं जिथं असेल तिथं सोडून पळायचं, कारण पाच मिनिटांत एकामागोमाग एक स्कूटरी आत शिरायच्या. त्यामुळं आमच्या कित्येक गाण्यांना शेवट नव्हता. शेवटची ओळ बसवायला घ्यावी आणि भोंगा व्हावा. नाव दुसरं कुठलं ठेवणार? वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत तांदूळ निवडत आमची तालीम ऐकायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "आज छान झालं हं. लवकर आटोपलंत."

माझ्या वाट्याला बेस गिटार आली, तीही कलेच्या ओढीनं नव्हे. बदली होऊन केरळला निघालेल्या शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये तिला जागा उरली नाही. चार जाड तारांचं ते धूड माझ्यापेक्षा जेमतेम वीतभर बुटकं होतं. माझी बोटं आखूड. एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे माझ्या करंगळीला भंडारा ते तुमसर एवढा प्रवास. आणि बेसचं एक दुःख असं, की ती वाजते तेव्हा कोणाला ऐकू येत नाही. थांबली तरच काहीतरी गेलं असं वाटतं. एका मंडईत एक आजी माझ्याजवळ आल्या, माझ्या गिटारीकडं बराच वेळ बघितलं आणि मायेनं म्हणाल्या, "दोन तारा तुटल्या का वो तुह्या? या पोट्ट्याच्या गिटारले त सहा आहेत."

मंगल मात्र वसाहतीतला नव्हता. तो करडीचा, ढिवराच्या घरचा. घरचे सगळे तलावात आणि नदीत मासे धरणारे, हिवाळ्यात शिंगाडे काढणारे. भंडाऱ्याला कॉलेजात आमच्या वर्गात होता. पहिल्यांदा शेडमध्ये आला तो काळा चष्मा लावून. पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये! केसांना तेल, खिशात कंगवा, आणि चालणं असं, की आख्खा मोहाडी तालुका यानंच वसवला. आम्ही सुरुवात करायच्या आत त्यानं एका बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवर दोन काड्यांनी ठोका धरला. तो ठोका मी आजही विसरले नाही. दूरच्या पाण्यावर कुणीतरी लाकूड आपटतंय असा खोल, ओला, जरासा मागून येणारा आवाज. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीकडून त्याला ड्रम उसने मिळाले ते नंतर. मला तो पहिल्या दिवसापासून बाई म्हणायचा, आमच्याकडं बहिणीला म्हणतात तसं. बोलायचा मात्र अरेतुरेतच.

आमचं एकच गाणं लोकांना पाठ झालं. 'पाळ' त्याचं नाव, पाळ म्हणजे तलावाचा बांध, सुबोधनं लिहिलेलं.

पाळीवर ये, गं, पाळीवर ये,
पाण्यात निजलंय गाव.

कडवं चढत चढत वर जायचं, सगळी वाद्यं अगदी टोकाला पोचायची, आणि 'पाळीवर'च्या ऐन आधी सगळं थांबायचं. काहीच नाही. नुसती हवा. मंगलचा उजवा हात वर गेलेला, काळ्या चष्म्यात पाळण्याचे दिवे. मग ती काडी झांजेवर पडायची, माझा सगळ्यात खालचा सूर तिच्याबरोबर पडायचा, आणि लोक श्वास सोडायचे. गावकऱ्यांनी त्या थांबण्याला दम असं नाव दिलं होतं. "आता दम येते पाय, आता दम येते," असं बायका एकमेकींना कोपरानं ढोसून सांगायच्या. आमच्याकडं पाय म्हणजे पाहा. आणि गंमत अशी, की तो दम रोज वेगळा. कधी एवढासा, कधी इतका लांब, की जिलेबीवाल्याचा हात कढईवर तसाच राहायचा.

त्या काळी आमचा एक लाडका वाद होता. बँडमधलं कोण गेलं तर बँड बुडेल? परतीच्या टेम्पोत, तणसावर पाय पसरून, थंडीनं कुडकुडत आम्ही तो घालायचो. गाणारा निलेश म्हणायचा, मी. लोक चेहरा बघायला येतात. पुढं निलेश नोकरीसाठी पुण्याला गेला. आम्ही आठवडाभर सुतक पाळलं आणि मग सुबोधच गायला लागला. एकाही गावात कुणी विचारलं नाही, की तो गोरा पोरगा कुठं गेला. सुबोध म्हणायचा, गिटार म्हणजे रॉकचा कणा. त्याला विषमज्वर झाला तेव्हा गोंदियाहून त्याचा मामेभाऊ आला आणि त्याच्यापेक्षा चांगली गिटार वाजवून गेला. ही गोष्ट आम्ही सुबोधपासून लपवणार होतो, पण मंगलनं ती त्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकली. सुबोधचा ताप तीन दिवस आणखी चढला.

माझं नाव या वादात कधी निघालं नाही. मीही काढलं नाही. चार तारांच्या माणसानं कशाला मध्ये बोलावं?

मग नाकाडोंगरीची मंडई आली आणि वादाचा निकाल लागला. नेमके त्याच दिवसांत मंगलच्या घरचे शिंगाडे निघाले. वेल पाण्यात वाट बघत नाहीत, तो आला नाही. आम्ही नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला नेला. अगदी सभ्य माणूस. सागाच्या जंगलाकडून येणारा गार वारा, रस्त्यावरची खाणीची काळपट धूळ बुटांवर, आणि त्याच्या ठोक्यांत कुठं म्हणजे कुठं खोट नाही. 'पाळ' सुरू झालं. इथं जरा थांबायचं, असं आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं. तो थांबला, मनात मोजून, प्रत्येक कडव्याला तेवढाच. आणि गाणं मेलं. माझा खालचा सूर झांजेच्या मागून एकटाच धपकन पडला, सुबोध चमकून माझ्याकडं बघायला लागला, आणि पुढच्या रांगेतल्या बाया शेंगदाणे सोलायला लागल्या. परतताना टेम्पोत सुबोधच म्हणाला, "मान्य. मंगलशिवाय भोंगा नाही. तो दम फक्त त्याले जमते."

मी मान हलवली. रॉक बँडमध्ये ज्याची जागा भरून निघत नाही असा एकच असतो आणि तो ड्रमवाला असतो, हे माझं मत तेव्हा पक्कं झालं. आजवर कित्येकांना मी ते ठासून सांगितलं आहे. वर्गातसुद्धा सांगितलं आहे, उत्प्रेरक शिकवताना.

पुढं नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, वडील मंडळी निवृत्त झाली आणि क्वार्टर्स सोडून गेली. भोंगा कधी बंद पडला ते आम्हाला कळलंही नाही. बंद करायचं कोणी ठरवलं नव्हतं. त्यालाही शेवटची ओळ मिळाली नाही. बेस मात्र माझ्याकडं राहिली. संध्याकाळी प्रयोगवह्या तपासून झाल्या, की मी ती मांडीवर घेते आणि मंगलचा ठोका मनात धरून वाजवते. शेजारणीला वाटतं, बाई फ्रिज जुना वापरतात.

सुबोधच्या फोननंतरच्या रविवारी मी करडीला गेले. मला मंगल हवा होता. लॅपटॉपबरोबर वाजवण्यापेक्षा मी घरी बसून फ्रिजचा आवाज काढला असता.

तलावावर सकाळचं ऊन उतरलेलं होतं. पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांची हिरवी चटई, तिच्यापलीकडं मोकळं, झोपेतून नुकतं उठल्यासारखं पाणी. पाळीवर मंगलची बायको शेवंता तीन दगडांवर हंडा ठेवून शिंगाडे उकडत होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"या बाई. बसा. ते काय, तिकडं उभे आहेत. घरात त रुसून बसतेत, लेकरावानी. तुमीच समजवा."

मंगल काठावर उभा होता. काळा चष्मा तसाच. केस विरळ झालेत, पण तेल तेवढंच. समोर पाण्यात जाळं लागत होतं. जाळ्याचं एक टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि दुसरं टोक धरून दोघं जण छातीभर पाण्यातून लांबून वळसा घेत येत होते. मंगलचा भाऊ लाकडी डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बांबू घेऊन उभा. बांबूनं डोंग्याची कड बडवायची, म्हणजे मासे घाबरून जाळ्याकडं पळतात. भावानं बांबू उचलला आणि मंगल खेकसला.

"थांब बे! घाई कायले करतं? मागचं टोक आलं नाई अजून!"

भावानं बांबू तसाच हवेत धरला. ते दोघं पाणी कापत हळूहळू येत राहिले. सगळा तलाव थांबल्यासारखा झाला. मग वळसा पुरा झाला, जाळं मिटलं, आणि डोंग्यावर पहिला ठोका पडला. खोल, ओला. हा आवाज मी स्कूटरच्या सीटवर ऐकला होता.

"आली का बाई?" मंगल न वळता म्हणाला. "सुबोधनं पाठवलं ना तुले?"

"मले कोणी पाठवत नाही. मी आली. मंडईत वाजव म्हणायले आली."

त्यानं उजवा हात उचलून दाखवला. हात छातीपर्यंत आला, तिथं कापला आणि थांबला. वर न्यायला त्यानं खांद्यासकट सगळं अंग वाकडं केलं, तेव्हा कुठं तो कसाबसा कानाला लागला.

"पाय. असा जाते. झांज कुठं असते मालूम आहे ना? आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर असा वाकडा होऊन वाजवू? सोयरे येतीन, जावई येतीन. हासू करून घेऊ का?"

"डाव्या हातानं मार."

"डाव्या हातानं जेवते का कोनी?"

"मग झांज खाली बसवू."

"आन मंग लोक म्हनतीन, मंगल बुढा झाला. नाई बाई. सुबोधचा तो डब्बा आहे ना, त्याले वाजवू दे. चुकत नाई म्हने."

"चुकत नाही. पण त्याले दम घेता येत नाही. नाकाडोंगरीला काय झालं होतं, विसरला का? तो दम फक्त तुले जमत होता."

मंगलनं चष्मा काढला. त्याचे डोळे मी इतक्या वर्षांत फार कमी वेळा पाहिले असतील. त्यात आधी नवल होतं, मग हसू आलं.

"माझा दम?" तो म्हणाला. "बाई, तू इतली शिकलेली, आन तुले अजून मालूम नाई? तो दम तुझा होता."

तो पाळीवर बसला, शेवंताच्या टोपलीतला एक शिंगाडा घेऊन दातानं सोलायला लागला आणि त्या नादात सांगत गेला.

"त्या गान्यात तुझा हात वर असे, पार टोकावर. मंग तुले खाली याचं राहे. तुझी बोटं एवढुशी, ती गिटार एवढी मोठी. तुले उशीर होये. कधी कमी, कधी जास्त. मी तुझ्या हाताकडं पाहो. तू खाली पोचली का मी ठोकलं. चष्मा होता म्हनून तुले दिसलं नाई, मी कुठं पाहून राहिलो ते."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"आता पायलं ना तू? मागचं टोक आल्याबिगर ठोकलं त मासोळ्या निसटतेत. आमच्या घरी लहानपनापासून हेच. ठोकनाऱ्यानं हुशारी नाई कराची, मागच्याकडं पाहाचं. त्या नागपूरवाल्यानं पायलं नाई, म्हनून निसटलं सारं."

"अरे, मग सांगितलं काहून नाही मले?"

"सांगितलं असतं त तू घाई केली असती. आन गानं बिघडलं असतं."

हंड्याखालचा जाळ फुरफुरत होता. मी पाण्याकडं बघत राहिले. किती मंडया, किती गावं, किती बायांनी एकमेकींना ढोसून सांगितलेला तो दम. तो माझ्या आखूड करंगळीचा उशीर होता, आणि एक माणूस आख्ख्या मंडईला खोळंबवून माझी वाट बघत उभा राहायचा. वर भाव असा खायचा, की जशी काही त्याचीच कारागिरी! मला रडू आलं, ते मी शिंगाड्याच्या वाफेवर ढकललं. शेवंतानं मुकाट्यानं आणखी चार शिंगाडे माझ्यासमोर ठेवले.

आता पंचाईत अशी, की माझा हात हल्ली वेळेवर येतो. इतक्या संध्याकाळी एकटीनं वाजवून करंगळी सरावली आहे. भंडारा ते तुमसर ती आता डोळे मिटून जाते. हे मी मंगलला सांगणार होते. तोंडापर्यंत आलंही. पण त्याच्या त्या छातीशी अडलेल्या हाताकडं माझं लक्ष गेलं आणि मी वेगळंच बोलले.

"माझा हात अजून उशिराच येतो. उलट जास्त. लॅपटॉप काही माझ्यासाठी थांबणार नाही. सगळ्यांसमोर मी एकटीच मागं राहीन, नाकाडोंगरीसारखी."

पाण्यात जाळं ओढून झालं होतं, काठावर मासे चमकत होते, भाऊ त्याला हाका मारत होता.

"झांज खाली कराची नाई," मंगल शेवटी म्हणाला आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "जिथं होती तिथंच."

मंडईच्या दिवशी करडीचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कापलेल्या बांध्यांमध्ये पाळणे उभे होते. नव्या कोऱ्या लुगड्यांचा, गरम तेलाचा आणि तणसाचा वास एकमेकांत मिसळलेला. दंडारवाले घाम पुसत उतरले आणि आम्ही चढलो. सुबोधचं पोट आता गिटारला मागून टेकू देतं. त्यानं लॅपटॉप उघडून कोपऱ्यात ठेवला होता, वेळ सांगून येत नाही म्हणाला. पुढं सतरंजीवर करडीच्या लेकी बसल्या होत्या. त्यातल्या काही पूर्वी त्याच सतरंजीवर आपल्या आयांच्या मांडीवर बसायच्या. आता यांच्या मांड्यांवर दुसरी पोरं.

मंगलनं पहिली दोन गाणी खालच्या खालीच वाजवली, कोपरं अंगाशी धरून. कोणाला काही कळलं नाही. सूर्य पाळीकडं झुकला, ऊन पिवळं झालं, आणि 'पाळ' सुरू झालं. कडवं चढायला लागलं, तसं मला वाटलं, की पायांखाली मंचाच्या फळ्या नाहीत, पत्र्याची शेडच आहे, आता कुठल्याही क्षणी भोंगा होईल आणि स्कूटरी आत येतील. सगळी वाद्यं टोकाला पोचली. आणि थांबली.

माझा हात खाली आला. लगेच आला. करंगळी जाड तारेवर जागेवर बसली, आणि मी मंगलकडं पाहिलं.

त्याचा हात निघाला होता. छातीपर्यंत आला आणि कापला. त्यानं खांदा उचलला, मान वाकवली, ओठ दाबले. हात वर सरकत होता, पाण्यातून जाळं ओढावं तसा, जड. सुबोधनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि मग कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडं. मी डोळ्यांनीच त्याला दटावलं. मंडईत कोणी खोकलंसुद्धा नाही. एक बाई शेजारणीला ढोसून हळूच म्हणाली, "दम आहे पाय, दम," आणि तिच्या मांडीवरचं पोर तोंड उघडं ठेवून बघत राहिलं. माझं बोट तारेवर तयार होतं आणि मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही.

तो पोचला. झांज वाजली, माझा सूर तिच्याबरोबर पडला, आणि करडीच्या लेकींनी सुबोधच्या आधीच 'पाळीवर ये' म्हणायला सुरुवात केली.

गाणं संपलं तेव्हा मंगल घामानं निथळत होता. लोकांच्या टाळ्या चालू होत्या. त्यानं कंगवा काढून केस नीट केले, मग माझ्याकडं वाकून कानाशी म्हणाला,

"खोटी बोलली ना बाई. तुझा हात त कवाच आला होता. काहून थांबली?"

"मागचं टोक यायचं होतं," मी म्हणाले.